पिवळा टँकर

सोहारमध्ये निळा टँकर पिण्याच्या पाण्याचा,
पिवळा मैल्याचा.
मी पिवळा चालवतो.
सिग्नलला शेजारची गाडी काच वर घेते.
मीही घेतो, उगाच,
जणू वास तिच्याकडूनच येतोय.

कार्डावर सबंध नाव आहे :
दगडू शांतवन त्रिभुवन.
आडनावात तीन लोक मावतात
आणि वरच्या खाटेवर माझे पाय मावत नाहीत.

दगडू, कारण माझ्याआधीचे दोघे गेले.
आई म्हणाली, दगडच म्हणू याला,
दगडाकडे मरण कशाला बघेल!
पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिलं, पेत्र.
ते वहीतच राहिलं.
शाळेच्या दाखल्यावर दगडू, आणि खालच्या रकान्यात जात,
जी आम्ही सोडली होती
आणि जिने आम्हाला सोडलं नव्हतं.

कॅम्पात आम्ही नऊ मराठी, चूल एक.
भाकरी मोडता मोडता जतच्या संपतदादाने विचारलं,
त्रिभुवन म्हणजे कोण रे?
राहुरीकडचे.
तसं नव्हे, मूळचे?
मूळचेही तिकडचेच.
आणि शुक्रवारी चर्चच्या गेटापाशी दिसलास तो?
मी? मित्राला सोडायला गेलो होतो.

मागे ओमानी म्हाताऱ्याची खजुराची बाग.
तिथल्या कोंबड्याला वेळकाळ नाही.
रात्री साडेदहाला आरवला.
सगळे हसले, याला एकदा शिजवलाच पाहिजे म्हणाले.
मीही हसलो.
संडे स्कूलमध्ये ही गोष्ट मला तोंडपाठ होती.
गोष्टीतला माणूस बाहेर जाऊन रडतो.
मी ताट धुतलं आणि झोपलो.

पुढच्या शुक्रवारी नेहमीसारखा
तीनदा साबण लावून गेलो.
शेवटची रांग, दाराजवळ, वाऱ्याच्या अंगाला.
उपासना इंग्रजी, निम्मी कळते.
प्रभुभोजनाला मात्र भाषा लागत नाही,
गुडघे लागतात.

पेला एकच.
आधी स्मेल्टरचा इंजिनियर, टायवाला.
मग एक फिलिपिनो नर्स.
मग सियालकोटचा सरवर मसीह, निळ्या टँकरवाला.
मग मी.
दर ओठांनंतर पाळक पांढऱ्या फडक्याने कड पुसत होते
आणि मी मनात मोजत होतो,
माझ्यानंतर किती वेळ पुसतील.

आमच्याकडे हॉटेलच्या कुडात
आजोबांची बशी खोचलेली असायची.
त्यांनीच काढायची, त्यांनीच विसळायची,
परत खोचायची, आणि वर दुवा द्यायचा.

माझे ओठ लागले.
पाळकांनी पेला किंचित फिरवला, पुसला,
इंजिनियरच्या वेळी पुसला होता तेवढाच,
आणि माझ्या पलीकडची केरळी बाई प्यायली.
डोळे मिटून.

एवढंच झालं.
उजेड वगैरे पडला नाही.
मला उठायला जरा उशीर लागला, इतकंच.

बाहेर डांबर पाघळत होतं.
सरवरने नाव विचारलं.
दगडू, म्हणालो.
त्याला कळेना. मी वाकून वाळूतला खडा उचलला,
त्याच्या तळहातावर ठेवला. हे.
अच्छा, पतरस! म्हणाला तो,
इतक्या सहज,
की आमच्या देवळातली ती वही
यानेच कुठेतरी सांभाळून ठेवली असावी.

रात्री चुलीपाशी कुणीच काही विचारलं नाही.
न विचारलेलं सांगायचं कसं?
मी आधी मीठ मागितलं.
मग सांगितलं.
आजोबा काय ओढायचे, आम्ही कुणापुढे गुडघे टेकतो,
माझी दोन्ही नावं.
संपतदादा बराच वेळ डाळ ढवळत राहिला.
मग त्याने मीठ पुढे सरकवलं,
हातात दिलं नाही, सरकवलं.
ते मी बघितलं. आणि जेवलो.

कोंबडा गप्प होता,
की मलाच ऐकू आला नाही.
पहाटे चारला सहमच्या कॅम्पचा टाका उपसायचाय.
काच खाली ठेवून जाईन म्हणतो.